वाऱ्याची करणी

मराठीचा प्राध्यापक बर्फावर लेख लिहितो आहे हे कळल्यावर आमच्या स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुमचा आणि बर्फाचा संबंध उसाच्या रसापुरता," ते म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. वयाच्या चाळिशीपर्यंत मी बर्फ पाहिला तो लाकडाच्या भुशात लोळवलेला, गोणपाटाखाली झाकलेला, हातगाडीवरून ठिबकत चाललेला. बर्फाची लादी म्हटली की मला मासळीबाजार आठवे. ती लादी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा यावयाची आहे, आणि फार निराळ्या वेषात यावयाची आहे.

चाळिशीनंतर हा संबंध वाढला त्याला कारण आमचे भाचेबुवा. हे गृहस्थ पुण्यात संगणकाची नोकरी करतात आणि उरलेले आयुष्य डोंगरावर काढतात. सह्याद्रीतले किल्ले संपले (ते संपतात असे त्यांचे मत, माझे नाही) तेव्हा त्यांची नजर हिमालयाकडे वळली, आणि तेथे त्यांना स्कीचे वेड लागले. "मामा, तुम्ही जन्मभर कोशात शब्द शोधलेत. एकदा बर्फात पडून तर पाहा," असे त्यांनी मला सुनावले. मी पडून पाहिले. दोन हिवाळे गुलमर्गला जाऊन, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलामुलींत उभे राहून, मी पुष्कळच पडून पाहिले. तिसऱ्या हिवाळ्यात मला उभे राहता येऊ लागले, वळता येऊ लागले, आणि मुख्य म्हणजे थांबता येऊ लागले. स्कीमध्ये चालू होणे फार सोपे असते. विद्या लागते ती थांबायला.

स्कीचे दोन संसार आहेत. एक बांधलेल्या उतारांवरचा. तेथे तारेवरचा पाळणा तुम्हांला वर नेतो, यंत्राने दाबून सपाट केलेल्या वाटेने तुम्ही खाली येता, आणि तो उतार आज धड आहे की नाही याची काळजी पहाटे उठून दुसऱ्या कुणीतरी वाहिलेली असते. दुसरा संसार आडरानातला. तेथे स्कीच्या तळाला लांब पट्टे चिकटवून आपल्याच पायांनी चढायचे. हे पट्टे पूर्वी सीलच्या कातड्याचे असत. आता मोहेर लोकरीचे किंवा नायलॉनचे असतात. त्यांचे केस एका दिशेला निजलेले. पुढे सरकताना ते गुळगुळीत लागतात, मागे घसरू लागले की उभे राहून बर्फाला धरतात. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा तसे. तीन-चार तास चढायचे, माथ्यावर पट्टे सोडायचे, आणि ज्या उतारावर अजून कुणाची रेघ उमटलेली नाही त्यावरून दहा मिनिटांत खाली यायचे. त्या दहा मिनिटांसाठी माणसे पोलंडहून, रशियाहून काश्मीरला येतात. त्यांतली काही परत जात नाहीत.

गुलमर्गला हे दोन संसार अगदी भिंतीला भिंत लागून आहेत. गाव सुमारे २६५० मीटर उंचीवर. १९२७ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी येथे स्की क्लब काढला, तेव्हा वर जायचे ते पायीच. १९९८ साली तारेचा पाळणा कोंगडूरीपर्यंत गेला आणि २००५ साली अफरवात डोंगराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत. वर पाळण्याचे दार उघडले की डावीउजवीकडे आडरानच आहे. पूर्वी तेथवर पोचायला जी छाती लागे ती आता लागत नाही, तिकीट लागते. डोंगर मात्र तोच राहिला आहे.

ही हकीकत २०२३ च्या फेब्रुवारीतली. त्या महिन्याच्या पहिल्याच तारखेला अफरवातच्या हापतखुड भागात हिमलोट सुटला होता आणि त्यात दोन पोलिश स्कीपटू दगावले होते. विसाच्या आसपास माणसांना वाचवण्यात आले. आम्ही पोचलो तेव्हा चहाच्या टपरीवर तोच विषय होता. त्याही आधीची एक आठवण तेथले लोक आवाज खाली करून सांगतात. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला लष्कराच्या पर्वतयुद्धशाळेची तुकडी हिमलोटात सापडली, आणि सतरा जवान गेले. ती माणसे पर्वताचेच शिक्षण घेत होती, हे येथे विसरता कामा नये.

आम्ही सात जण होतो. भाचेबुवा, त्यांचे तीन मित्र, मी, आमचे वाटाडे आणि त्यांचा तरुण साथीदार. वाटाडे टंगमर्गकडचे, पन्नाशी उलटलेले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या छातीवरचे यंत्र तपासले. हे यंत्र मुठीएवढे असते आणि ४५७ किलोहर्ट्झ या ठरलेल्या कंपनसंख्येवर अखंड खुणेचा ठोका पाठवीत राहते. कुणी बर्फाखाली गेला तर बाकीच्यांनी आपली यंत्रे ऐकण्याकडे वळवायची, ठोक्याचा माग काढायचा, जोडून लांब होणाऱ्या सळईने बर्फ टोचत माणूस शोधायचा आणि फावड्याने उकरायचा. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा जगतो. पूर्वी ही मुदत पंधरा मिनिटे मानीत. २०२४ साली स्वित्झर्लंडमधल्या चाळीस वर्षांच्या अपघातांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्याने ती दहावर आणली. अर्धा तास उलटला की तिघांतला एखादाच हाती लागतो. याचा अर्थ असा की गावातून येणारी मदत ही मदतच नव्हे. मदत म्हणजे बरोबरचे सहा जण. मी त्या सहांकडे पाहिले, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिले असेल तर त्यांना काय वाटले असेल याचाही विचार केला.

दोन दिवस बर्फ पडून गेला होता. तिसऱ्या दिवशीची सकाळ इतकी स्वच्छ होती की डोळ्यांना पाणी येई. निळ्याभोर आकाशाखाली अफरवातची धार, आणि त्या धारेवरून पूर्वेकडे उडणारा पांढरा तुरा. लग्नातल्या घोड्याला लावावा तसा. भाचेबुवा म्हणाले, "मामा, काय हवा आहे!" उस्तादही हवेकडेच पाहत होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या भाच्याचा आनंद नव्हता. "सारी रात चली है," एवढेच ते बोलले.

तो तुरा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजले. बर्फ पडायचा थांबला म्हणजे भरायचा थांबला असे आपण समजतो. पण वारा चालू असेल तर आकाश कोरडे असतानाही उतार भरत राहतात. ज्याने खळ्यावर उफणणी पाहिली असेल त्याला हे चटकन उमगेल. शेतकरी वावडीवर चढून पाटी हलवतो. वारा दाणा सोडतो, भूस नेतो, आणि पलीकडे जेथे त्याचा जोर संपतो तेथे त्या भुसाचा ढीग घालतो. डोंगराची धार ही अशीच वावडी. वाऱ्याच्या तोंडावरचा उतार खरवडला जातो, धारेपलीकडे वारा मंदावतो आणि हातातले ओझे टाकून देतो. सह्याद्रीत आपला अनुभव नेमका उलटा. वाऱ्याच्या वाटेवरचे महाबळेश्वर पावसात बुडते आणि पाठीमागचे वाई त्या मानाने कोरडे राहते. बर्फाच्या राज्यात पाठीमागच्यालाच जास्त मिळते. आभाळातून पडून बर्फ ज्या गतीने साठतो त्याच्या दहापट गतीने वारा तो आडोशाच्या उतारावर रचू शकतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची वाहून नेण्याची शक्ती दुपटीने नव्हे, सुमारे आठपटीने वाढते. ताशी पंधरा-वीस किलोमीटरचा वारा ताज्या भुसभुशीत बर्फाला उठवायला पुरतो. आपल्याकडे एवढ्या वाऱ्यात धुणेसुद्धा दोरीवरून उडत नाही.

काश्मीरचा हिवाळी बर्फ येतो पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या पश्चिमी विक्षोभांबरोबर. अफरवातचा गुलमर्गकडचा चेहरा त्याला आडोसा धरून आहे. म्हणजे ज्या उतारावर स्कीची माणसे लट्टू होतात, वारा नेमका त्याच उतारावर आपला माल उतरवतो.

आणि हा माल साधा नसतो. आभाळातून उतरणारा हिमकण सहा हातांचा, नाजूक. वारा त्याला जमिनीवर आपटत, घासत नेतो. हात मोडतात आणि उरतो बारीक चुरा. दिवाळीच्या फराळात ज्यांनी लाडू वळले असतील त्यांना पुढचे सांगायला नको. नुसत्या पोह्यांचा लाडू वळत नाही, पोह्यांचे पीठ केले की वळतो. तसाच हा चुरा दाबून बसतो, कण कणाला चिकटतो आणि सबंध उताराचा एक जीव होतो. आली ती लादी. मासळीबाजारातली नव्हे, पन्नास मीटर रुंद, पन्नास मीटर लांब आणि अर्धा मीटर जाड. मी परत आल्यावर हिशेब केला. वाऱ्याने दाबलेल्या बर्फाचा एक घनमीटर सुमारे तीनशे किलो भरतो. एवढी लादी झाली पावणेचारशे टन. दहा-दहा टनांचे सदतीस-अडतीस ट्रक. आणि ही लादी मोठी म्हणत नाहीत.

लादी आपल्या जागी पडून राहती तर काही बिघडत नव्हते. प्रश्न तिच्याखाली काय आहे याचा. हिवाळ्याच्या आरंभी पडलेला पातळ बर्फ थंडीत तसाच राहिला तर त्याच्या पोटात एक उलाढाल चालते. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास, म्हणजे त्या मानाने उबदार. वर हवा उणे पंधरा. वाफ खालून वर सरकते आणि कणांवर जमत जाते. त्यांतून मोठे, कोनदार, एकमेकांना न धरणारे स्फटिक तयार होतात. हातात घेतले तर साखरेसारखे बोटांमधून गळतात. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात, मोठी थंडी. ही साखर बहुधा तेव्हाची. तिच्यावर लादी बसली की साखर पसरलेल्या तिरप्या पाटावर फरशी ठेवल्यासारखे होते. फरशी उभी असते. कुणीतरी पाय देईपर्यंत उभी असते.

आता एक विषयांतर, धंद्याने भाषेचा असल्यामुळे. हिमलोट, हिमप्रपात, हिमस्खलन हे आपले सारे शब्द घडवलेले. बोलीतून आलेला एकही नाही. आपल्याला गरजच पडली नाही. आपल्याकडे दरड कोसळते, आणि ती कशी कोसळते हे ३० जुलै २०१४ ला माळीणने आपल्याला दाखवले. फारसीत मात्र हिमलोटाला जिवंत शब्द आहे, 'बहमन'. इराणी पंचांगातल्या एका महिन्याचेही तेच नाव, आणि तो महिना येतो २१ जानेवारीच्या सुमारास, ऐन हिमलोटांच्या दिवसांत. आमच्या इतिहासात १३४७ साली दक्षिणेत राज्य स्थापणाऱ्या हसनने 'बहमनशाह' हे नाव घेतले ते प्राचीन इराणी वीराच्या नावावरून. बर्फाशी त्याचा काही संबंध नसावा. तरी गुलमर्गच्या चढावर घामाघूम होत असताना, बहमनी राज्याचे पाच तुकडे झाले हे आठवून मला उगीचच हसू आले.

चढताना उस्ताद सारखे काहीतरी वाचीत होते. मी पुस्तके वाचतो तसे. एका ठिकाणी त्यांनी काठीने खूण करून दाखवले. कुणाची तरी दोन दिवसांपूर्वीची पावले जमिनीपासून वर उठून उभी होती, मातीचे उलटे दिवे मांडावेत तशी. पायाखाली दाबलेला बर्फ घट्ट राहिला होता आणि भोवतालचा सारा वाऱ्याने नेला होता. हा गेला कुठे, हाच प्रश्न. थोडे पुढे बर्फावर कोरीव लाटा होत्या, त्यांची उभी तोंडे पश्चिमेकडे. देवदारांच्या बुंध्यांना एकाच बाजूने पांढरे साल चढलेले. धारेवर पुढे झुकलेला बर्फाचा छज्जा, आणि छज्जा जिकडे झुकतो तिकडेच भरणा असतो. स्कीची काठी दर चार पावलांवर बर्फात खुपसली जाई. खाली सरळ गेली तर ठीक. वर कठीण आणि मग एकदम पोकळ लागली तर उस्ताद थांबत, पुन्हा खुपसत.

उताराची तीव्रता त्यांनी दोन काठ्यांनी मोजून दाखवली. एक काठी उतारावर टेकवून आडवी धरायची, तिच्या मोकळ्या टोकापासून तेवढ्याच लांबीची दुसरी सरळ खाली सोडायची. दुसरी पूर्ण लांबीला उताराला टेकली तर ४५ अंश; निम्म्यावरच उतार लागला तर २७. तीस अंशांखाली लादी क्वचितच सुटते, पंचेचाळीसच्या वर बर्फ फारसा साठत नाही, आधीच गळून जातो. मृत्यू वसतो मधल्या पंधरा अंशांत, आणि अडतिसाच्या आसपास सर्वांत जास्त. पुण्यातल्या जुन्या वाड्यांचे उभे जिने आठवावेत. दुर्दैव असे की स्कीची खरी मजाही त्याच पंधरा अंशांत आहे.

साडेअकराच्या सुमारास आम्ही त्या वाटीपाशी पोचलो. भाचेबुवांनी तिचे फोटो पुण्यात भिंतीवर लावले होते. तिन्ही बाजूंनी वळलेला, गुळगुळीत, फुगीर, उशीसारखा उतार. त्यावर ऊन पडले होते, पण तो चमकत नव्हता. खडूच्या पुडीसारखा मंद पांढरा दिसत होता. एक रेघ नाही. माझ्यासारख्या नवशिक्यालाही त्याने ओढून घेतले. नंतर कळले की ती मंद झाक आणि तो फुगीरपणा हीच वाऱ्याच्या रचनेची ओळख. जर्मन मुलखात जुने म्हणणे आहे की वारा हा हिमलोटांचा स्थपती. इमारत सुंदर बांधतो यात शंका नाही.

वाटीच्या कडेला, पंचवीसएक अंशांच्या सुरक्षित खांद्यावर, उस्तादांनी फावडे काढले. उताराच्याच तोंडाचा, पण लहानसा आणि खाली लगेच सपाटी असलेला एक तुकडा त्यांनी निवडला आणि छातीएवढा खड्डा खणला. मग भिंतीतून तीस सेंटीमीटर लांब-रुंद असा एक खांब चारी बाजूंनी मोकळा केला, त्यावर फावडे उपडे ठेवले आणि त्यावर हाताने थापा मारू लागले. आधी दहा मनगटापासून, मग दहा कोपरापासून, मग दहा खांद्यापासून. जगभर ही परीक्षा अशीच घेतात. आम्ही सातही जण मोजत होतो. मनगटाच्या दहा झाल्या. कोपराची तिसरी थाप पडली आणि खांबाचा वरचा हातभर भाग, जसा सुरीने कापावा तसा, सबंधच्या सबंध सरकून उस्तादांच्या मांडीवर आला. खालच्या भेगेतून साखर सांडत होती.

कुणी काही बोलले नाही. मग भाचेबुवांचा एक मित्र म्हणाला, की एका खड्ड्याने सगळ्या उताराची परीक्षा होत नाही. हे अगदी खरे आहे. वाऱ्याचा भरणा दर दहा पावलांवर बदलतो. एके ठिकाणी मीटरभर, दुसरीकडे वीतभर, आणि जेथे लादी पातळ असते तेथेच ती पायाच्या वजनाने फुटते. पण हे खरे विधान कोणत्या बाजूने वापरायचे? खड्डा चांगला निघता तर त्याच मित्राने तोच नियम सांगितला असता का?

येथे मला माझी कबुली दिली पाहिजे. निघण्याच्या आदल्या रात्री ताईचा फोन आला होता. "तू बरोबर आहेस म्हणून सोडते आहे त्याला," ती म्हणाली होती. मी त्या सगळ्यांत वयाने मोठा, उस्ताद सोडले तर. चढताना दोनदा पायाखाली 'धप्प' असा खोल, दबका आवाज मी ऐकला होता. जणू तळघरात कुणी गादी टाकली. तो आवाज म्हणजे खालचा साखरेचा थर खचल्याची खूण, हे मला शिबिरात शिकवले होते. माझ्या वहीत ते लिहिलेलेही होते. पण पुढे चालणाऱ्या चार तरुणांच्या पाठी पाहून मी गप्प राहिलो. म्हातारा घाबरला असे त्यांनी म्हणू नये, एवढ्याच कारणासाठी. पुढे इयन मॅकॅमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाचे काम वाचनात आले. त्याने सातशेहून अधिक हिमलोट-अपघातांच्या नोंदी तपासल्या आणि दाखवून दिले की खुणा दिसत असतानाही माणसे पुढे जातात. उतार ओळखीचा असतो म्हणून, आधी ठरलेले असते म्हणून, बरोबरच्यांत मान राहावा म्हणून, दुसरा गट आधी पोचेल म्हणून. शिक्षण घेतलेली माणसेही यातून सुटत नाहीत. हिमलोटात सापडलेल्या दहांतल्या नऊ जणांच्या बाबतीत तो त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सोडलेला असतो. ते वाचताना माझे कान गरम झाले.

"आज नहीं, जनाब," उस्ताद म्हणाले आणि फावडे पुसू लागले.

भाचेबुवांनी हुज्जत घातली. एकेकाने जाऊ, कडेकडेने जाऊ, मी आधी जातो. हे तिसरे वाक्य ऐकल्यावर मला वाचा फुटली. "मी ऐकले दोनदा," मी म्हणालो. "धप्प. तूही ऐकले असशील." तो माझ्याकडे पाहत राहिला. "ऐकले," तो म्हणाला. बाकीच्या तिघांनीही ऐकले होते. सहा जणांनी ऐकले होते आणि सहाही जण दुसऱ्याने बोलण्याची वाट पाहत होते. उस्तादांनी तर आवाज झाल्याबरोबर चढाची रेघच बदलून खांद्यावर घेतली होती. ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आले नव्हते.

आम्ही खांद्यावरूनच, झाडीच्या सोबतीने, तीस अंशांच्या आत राहून परत उतरलो. दोघांमध्ये अंतर ठेवून, एकाने जायचे आणि बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची, या रीतीने. बर्फ तेथे जड आणि खरबरीत होता. मी चार वेळा पडलो.

गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. पण दुपारी दोनच्या सुमारास, आम्ही खालच्या कुरणात डबे सोडून बसलो असताना, वरच्या वाटीत पाच ठिपके दिसले. परदेशी गट असावा. एकामागून एक ते पाचही जण त्याच उतारावरून उतरले. पाच लांब, सुरेख, एकमेकांत गुंफलेल्या रेघा. बर्फाचा धुरळा त्यांच्या मागे उडत होता. उतार जागचा हलला नाही. त्यांच्या आनंदाच्या आरोळ्या आमच्यापर्यंत ऐकू आल्या.

भाचेबुवांनी अर्धी पोळी परत डब्यात ठेवली.

मी उस्तादांकडे पाहिले. मला वाटले, आता या माणसाला ओशाळे वाटेल. ते चहा पीत होते. पाचवा ठिपका सपाटीला लागेपर्यंत त्यांनी कप ओठांशी तसाच धरला होता, आणि त्यांच्या मांडीजवळ फावडे आणि सळई जोडून तयार ठेवलेली होती. ती त्यांनी केव्हा जोडली मी पाहिले नव्हते. पाचवा थांबल्यावर त्यांनी सळई सोडवून पिशवीत भरली आणि उरलेला चहा संपवला.

या विद्येत हाच एक पेच आहे, आणि मला त्याचे उत्तर सापडलेले नाही. मी वर्गात चुकीचा अन्वय सांगितला तर एखादा विद्यार्थी तरी उभा राहून मला धरतो. डोंगर तसे धरत नाही. वाईट उतारावरूनही माणूस बहुतेक वेळा सुखरूप येतो, आणि प्रत्येक वेळी थोडा अधिक चुकीचा धडा शिकून येतो. उलट जो परत फिरतो त्याला आपण बरोबर होतो याचा पुरावा कधीच मिळत नाही. दावोसच्या वर वाइसफ्लूयोखला स्विस शास्त्रज्ञांनी १९३६ पासून बर्फाच्या अभ्यासाला ठाण मांडले; आपल्याकडे मनालीला १९६९ साली हिम व हिमलोट अभ्यास संस्था निघाली, आणि २०२० मध्ये ती दुसऱ्या संरक्षण संस्थेत विलीन होऊन तेच काम पुढे चालवते आहे. युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी आहे. सर्वांत जास्त स्कीपटू मरतात ते चौथ्या किंवा पाचव्या पायरीला नव्हे, तिसरीला. पाचवीला सगळेच घरी बसतात. तिसरीला ऊन पडलेले असते, धारेवर तुरा उडत असतो आणि दुसरा गट वर निघालेला असतो.

सांगून ठेवले पाहिजे की बरोबर वर्षाने, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, खिलनमर्गच्या बाजूला पुन्हा हिमलोट सुटला आणि एक रशियन स्कीपटू त्यात गेला. त्याचे सोबती वाचले. बातमी पाहून भाचेबुवांनी मला दुवा पाठवला. खाली एक शब्दही लिहिला नव्हता. एरवी ते फार लिहितात.

त्या दिवशी संध्याकाळी मुक्कामावर शेगडीभोवती बसलो असताना ताईचा फोन आला. भाचेबुवा झोपेचे सोंग घेऊन पडले होते, म्हणून मी उचलला.

"मजा आली ना?" तिने विचारले.

"आली. पण ठरवले होते तेथे गेलो नाही. अलीकडूनच परतलो."

"का रे? बर्फ पडत होता?"

"नाही. ऊन होते छान. वारा होता."

"एवढंच?" ताई म्हणाली.

"एवढंच," मी म्हणालो. पलीकडच्या पांघरुणातून एक हात बाहेर आला आणि त्याने फोन मागितला.